झाकली मूठ

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या डाव्या हाताला असलेल्या कोनाड्यात पत्र्याचा एक डबा असे. बिस्किटांचा जुना डबा, वर पोर्तुगीज अक्षरं, झाकण एका बाजूनं चेपलेलं. सकाळी पेजेचे तांदूळ मापून घेतले की आजी त्यातली एक मूठ उचलून त्या डब्यात टाकायची आणि मगच उरलेले तांदूळ धुवायला घ्यायची. घरात तांदूळ भरपूर असोत की कणगीचा तळ दिसत असो, त्या मुठीचा आकार बदललेला मला आठवत नाही. मी एकदा विचारलं, "हे कोणाचे?" ती म्हणाली, "मुष्टीचे." पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, मुष्टी नावाची कोणी बाई असेल आणि ती कधीतरी येऊन न्यायची असेल.

आजीचं माहेर पणजीचं, मळा या भागातलं. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड नावाची संस्था सुरू झाली, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पण ती वाढली ती त्याच हवेत. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य. सरकारी शाळा बहुतेक पोर्तुगीज भाषेतल्या. मुलाला मराठी लिहिता-वाचता यावं असं ज्याला वाटे, त्यानं सावंतवाडीकडून पंतोजी आणावा, त्याला घरात नाहीतर देवळाच्या सोप्यात बसवावा आणि त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. हे ज्याला परवडे त्याचीच मुलं शिकत. पणजीच्या लोकांनी त्यावर उपाय काढला तो असा की, प्रत्येक घरानं रोज एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि त्या मुठींवर शाळा चालवायची. संस्थेचं नावच मुष्टिफंड पडलं. पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक यायला अजून दोन वर्षं होती. हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची वागणूक मिळाली ती त्यानंतर. म्हणजे कुणाच्या कृपेची वाट न बघता बायकांनी चुलीपाशी आपलं काम सुरू केलेलं होतं. ती संस्था आजही आहे, तिच्या शाळा चालू आहेत.

आजीचे दोन भाऊ त्या शाळेत शिकले. आजी लग्न होऊन डिचोलीच्या बाजूला आमच्या गावात आली. तिथे मूठ न्यायला कोणी येत नसे. पण हाताला लागलेली सवय तिच्याबरोबर आली. डबा भरला की एके दिवशी तो रिकामा दिसे. तांदूळ कुठे गेले ते आजी सांगत नसे. आई एकदा चिडून म्हणाली की निदान घरच्यांना तरी कळू दे. आजी म्हणाली, "दिल्लें सांगचें न्हय." आणि पदराला हात पुसत गोठ्याकडे गेली.

तांदळाची मूठ उघडल्याशिवाय टाकता येत नाही, तरी आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. परवा मी माझी मूठ वजनकाट्यावर टाकून पाहिली. ४५ ग्रॅम. महिन्याचे १ किलो ३५० ग्रॅम. आजीचा हात माझ्याहून लहान होता, म्हणजे तिची सव्वा किलोच्या आसपास भरत असेल.

हे सगळं आता लिहायचं कारण, गेली काही वर्षं मी देण्याघेण्याच्या एका छोट्या कामात आहे आणि त्या कामात पाऊल टाकताना दर वेळी मला १९८० सालचा एक मांडव आठवतो.

माझे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. मी पाचवीत असताना त्यांची छाती बिघडली, काम सुटलं. त्या वर्षी जूनमध्ये जवळच्या गावातल्या एका संस्थेनं मुलांना वह्या आणि गणवेशाचं कापड वाटायचं ठरवलं. नाव मी सांगणार नाही. माणसं चांगली होती आणि त्यातली बरीचशी आता हयात नाहीत. मांडव घातला होता, लाउडस्पीकर होता, व्यासपीठावर खुर्च्या आणि अबोलीच्या माळा. एक गृहस्थ कागद हातात घेऊन नावं पुकारत होते. प्रत्येक नावाआधी ते तेच तीन शब्द म्हणायचे: "गरीब व होतकरू". माझं नाव आलं. मी उठले. मांडवात माझ्या वर्गातली मुलं होती, त्यांचे आईवडील होते, आमच्या वाड्यावरची पाव विकणारी पोदेरीण होती. व्यासपीठापर्यंतचं अंतर वीसेक पावलांचं असेल. वर गेल्यावर मला कापड हातात देऊन, तोंड कॅमेऱ्याकडे वळवून उभं केलं. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, "जरा हस गे बाय."

मी हसले असणार. फोटो मी कधी बघितला नाही.

त्या कापडाचा गणवेश आईनं शिवला आणि मी तो दोन वर्षं घातला. कापड मजबूत होतं. वह्याही संपेपर्यंत वापरल्या. त्या देण्यानं माझं भलं झालं, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगायला अवघड जाते. उपकार करणाऱ्याविषयी वाईट बोलू नये, असं आपण शिकलेले असतो. पण त्या दिवसापासून वर्गात माझी एक जागा ठरली. कोणी काही बोललं नाही, कोणी चिडवलं नाही. फक्त सहलीचे पैसे गोळा करायचे झाले की मॉनिटर माझ्या बाकापाशी थांबत नसे. तो चांगुलपणानंच पुढे जायचा.

'गरीब व होतकरू' हे शब्द मराठी माणसानं किती जाहिरातींत, किती फलकांवर वाचले असतील! त्यात 'गरीब' आधी येतो. होतकरू असणं त्या मुलाच्या हातात असतं, गरीब असणं नसतं, आणि तरी ओळख करून देताना आपण त्याच्या हातात नसलेली गोष्ट आधी सांगतो.

दुसरी आठवण दहावीची. परीक्षेचं शुल्क भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. आईनं गणपतीच्या चवथीनंतर कुणाकडून तरी उसने आणले होते, ते औषधाला गेले. मी शाळेच्या कचेरीत गेले ती मुदत वाढवून मागायला. तिथल्या क्लार्कनी रजिस्टर उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुझं भरलंय. इथे सही कर." मी म्हटलं, कोणी भरलं? ते म्हणाले, "पावती फाडलेली आहे, मला एवढंच ठाऊक." मी सही केली.

कोणी भरलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी खूप तर्क केले. गणिताचे सर असतील. आमच्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, सून माझ्याकडे बघून हसायची, ती असेल. देवळाचे भटजी असतील. कधी वाटायचं, तो क्लार्कच. त्याचा परिणाम असा झाला की गावात मी ज्याच्या त्याच्याकडे या नजरेनं बघू लागले: हाच असेल का? ज्या पोदेरिणीसमोर मला मांडवात लाज वाटली होती, तिच्याकडूनसुद्धा पाव घेताना मनात यायचं, कदाचित हीच. एका माणसाचे उपकार असते तर त्याला बघून मी मान खाली घातली असती. कोण ते न कळल्यामुळे अख्खा वाडाच माझा देणारा झाला, आणि मी त्याची. त्या वर्षापासून गावात वावरताना मला मान वर ठेवता येऊ लागली.

गोव्यात दानधर्माच्या जुन्या खुणा शोधायला फार लांब जावं लागत नाही; त्या आपल्या तोंडी आहेत. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ पेडेला नव्या इमारतीत गेलं, तरी जुनी माणसं 'आझिलोत गेलो होतो' म्हणतात. आझिलो म्हणजे आसरा. मडगावच्या सरकारी इस्पितळाला लोक हॉस्पिसियो म्हणायचे आणि म्हणतात. त्या शब्दात पाहुण्याला ठेवून घेण्याचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात पाद्री मिरांडा नावाच्या धर्मगुरूंनी गोरगरिबांसाठी ते काम उभं केलं, म्हणून मडगावातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्याच्याही मागे जायचं तर जुन्या गोव्यातली सांता काझा द मिझेरिकॉर्दिया. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लियोनोरनं सुरू केलेल्या दयासंस्थेची ही इथली शाखा, सोळाव्या शतकातली. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, मेलेल्याला मूठमाती अशी दयेची कामं त्या लोकांनी नेमून घेतली होती.

हा इतिहास वाचताना मला दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात. रात्री-अपरात्री अनोळखी माणसाच्या जखमा धुणारे हात खरे होते. आणि त्याच राज्यात १५५९ साली असाही हुकूम निघाला होता की, हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवावं. आसरा मिळत होता, पण उंबऱ्यावर मुलाचं नाव बदलत होतं. हे म्हटल्यावर आपल्याकडचंही म्हणायला हवं. आमच्या देवळांच्या अग्रशाळांत पंगती बसायच्या, अन्न पोटभर मिळायचं, पण कोणी कुठे बसायचं आणि कोणी बाहेर थांबायचं हे जन्मावरून ठरलेलं होतं. देवळात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकायचं होतं, तेव्हा त्या समाजाला स्वतःची संघटना उभारावी लागली. देणारा हात अट घालतो, ती कधी उघड असते, कधी पानाच्या जागेत असते.

मला मनापासून आवडणारं एक उदाहरण बांदोड्यात आहे. फोंडा तालुक्यातलं हे गाव, नागेशीचं आणि महालक्ष्मीचं. तिथे 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम आहे, तो गोवा हिंदू असोसिएशनचा. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी १९१९ साली ही संस्था काढली. पुढे तिचा कला विभाग असा बहरला की मराठी रंगभूमीचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. नाटक करायचं आणि त्यातून समाजाचं काम उभं करायचं, ही या मंडळींची रीत. माझी एक मावशी दादरला राहायची, तिला नाटकांचं वेड. ती शिवाजी मंदिरात तिकीट काढून बसायची, रडायची, हसायची, मग घरी जायची. आपल्या तिकिटातले चार आणे कुठल्या कामाला लागणार आहेत, हे तिच्या डोक्यातही नसे. ती नाटकाला गेली होती. मी जेव्हा जेव्हा बांदोड्याच्या रस्त्यानं जाते, तेव्हा मला ती मावशी आठवते. आजीच्या डब्यासारखंच वाटतं ते.

सरकारचं देणं या सगळ्याहून वेगळं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे अजून लोक 'सरकारनं उपकार केले' म्हणतात. १९६१च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि १९६३मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठी. माझी आई त्या पहिल्या लाटेत नव्हती, तिची वेळ टळून गेली होती. पण तिच्या धाकट्या बहिणी चिखल तुडवत का होईना, गावातल्या गावात शाळेत गेल्या. भाऊसाहेब स्वतः खाणमालक, खिशातून देणारे म्हणून प्रसिद्ध. तरी त्या शाळा ही त्यांची देणगी नव्हती. तिथे बसणाऱ्या मुलीला कोणी व्यासपीठावर बोलावलं नाही. आज तशाच शाळेत दुपारी महिलांच्या बचत गटानं शिजवलेली भाजी आणि पाव मुलांच्या पुढ्यात येतो, तो सगळ्यांच्या पुढ्यात येतो. भाटकाराचा नातू असो की मजुराची मुलगी, पाव तोच.

इस्पितळाचंही तसंच. गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ १८४२च्या वैद्यकीय शाळेत आहे. आज बांबोळीच्या त्या पठारावर रोज हजारो माणसं येतात. २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण. कार्डासाठी गोव्यात ५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. इथे मग गळती सुरू होते. पर्वरीत उंच इमारतीच्या परांचीवर उभा असलेला माणूस दोन वर्षांपूर्वी आलेला असतो. त्याच्याकडे भाडेकराराचा कागद नसतो, विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर असतं. देशात दरडोई उत्पन्नात गोवा अगदी वरच्या रांगेत, हे आपण अभिमानानं सांगतो. ते उत्पन्न ज्या भिंतींमधून दिसतं, त्या बांधणारा हिशेबात कुठे बसतो?

आणि दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला. सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यान् पिढ्या आजारपणाला बांबोळीला येत आली आहेत. त्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांना मुळाक्षरं शिकवली. २०१८च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. राज्याला खर्च झेपला पाहिजे, हेही समजतं. पण मी त्याच दिवसांत बांबोळीला होते.

आईला पक्षाघाताचा झटका आला होता. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिची जी सेवा केली, ती मी विसरणार नाही. पंधरवडाभर मी तिच्या खाटेशेजारी आणि रात्री बाहेरच्या व्हरांड्यात काढला. तिथे मला एक नवं जग दिसलं, रुग्णाबरोबर आलेल्यांचं. रुग्णाला इस्पितळातून जेवण मिळतं. बरोबरच्या माणसाला स्वतःचं बघावं लागतं. दोडामार्गकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. ती दिवसातून एकदा चहा आणि एक पाव खायची. दुपारी तिच्याजवळ मी डबा उघडला की ती "माका भूक नाय" म्हणून जिना उतरून खाली जायची. पहिल्या दिवशी माझा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी मी तिला खाली नळाला तोंड लावून पाणी पिताना बघितलं.

बाहेर अन्न वाटणारे येत नव्हते असं नाही. रविवारी, सणावारी, कुणाच्या वाढदिवसाला गाड्या यायच्या. खिचडी, पुलाव, केळी, लाडू. एखाद्या रविवारी तर तीन गाड्या लागोपाठ, आणि अन्न उरायचं. शनिवारी कोणीच नाही. भूक ही वाढदिवस बघून लागत नाही, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं, कारण मीही पूर्वी वाढदिवसालाच देत आले होते.

आई वर्षभरानं गेली. त्यानंतर आम्ही आठ जणींनी मिळून शनिवार घेतला. संस्था वगैरे नाही, नोंदणी नाही, नाव नाही. आठ जणी, त्यातल्या पाच निवृत्त. सुरुवातीला एका कंपनीनं मदत देऊ केली होती. २०१३च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातले पैसे आपल्यासारख्यांनाही मिळू शकतील अशी बातमी एकीनं आणली. रक्कम चांगली होती. त्यांनी विचारलं, दर आठवड्याला लाभार्थ्यांचे फोटो मिळतील ना, कंपनीचा फलक मागे दिसेल असे? त्यांचं मागणं चुकीचं होतं असं मला म्हणता येणार नाही; पैसे गेले कुठे, हे त्यांना कुणाला तरी दाखवायचं असतं. पण मला तो मांडव दिसला. मी बैठकीत पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली, कापडाची आणि हसण्याची. कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यांत थोरली म्हणाली, "पैसे नकोत." त्यावर चर्चा झाली नाही.

मग पैसे आणायचे कुठून? आजीचा डबा बाहेर आला तो तेव्हा. वसाहतीत ४० घरं आहेत. घरोघरी एकेक डबा दिला. ४० मुठी रोज, म्हणजे महिन्याला ५० किलोच्या वर तांदूळ. पहिल्या महिन्याचे सगळे डबे मोठ्या पिंपात ओतले आणि आम्ही कपाळाला हात लावला. कुणाकडे उकडे, कुणाकडे कोलम, कुणाकडे बासमतीचे तुकडे, एका घरातून खाजनातला कोरगुट, आणि हे सगळं एकत्र. भात करायला गेलं तर कोलमचा लगदा होतो आणि उकडा दाताखाली कचकचतो. निवडून वेगळे करणं अशक्य. दोन शनिवार भात फसला. लोकांनी तो खाल्ला, आणि त्याचंच आम्हाला वाईट वाटलं.

दरम्यान दुसरं एक काम आपसूक अंगावर आलं. चिंबलच्या वस्तीतल्या दोन मुलींच्या शाळेचा खर्च. मी आनंदानं पुढे झाले, कारण कसं करायचं ते मला तोंडपाठ होतं. कचेरीत गेले, पैसे भरले, क्लार्कला सांगितलं की कोणी भरले ते सांगू नका. मुलगी आली की फक्त म्हणा, भरलंय. घरी येताना मला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीची पावती मी आज फाडली.

चौथ्या दिवशी मुलीची आई पत्ता शोधत माझ्या दारात. क्लार्ककडून तिनं नाव काढून घेतलं होतं. ती बांधकामावर डोक्यावरून सिमेंट वाहते, मूळची कर्नाटकातली. तिचं मराठी तोडकंमोडकं आणि माझं कन्नड त्याहून वाईट. ती रागावलेली होती. घाबरलेली होती, हे मला नंतर समजलं. "पैसा कोण भरला? का भरला? उद्या येऊन काय मागणार?" तिच्या आयुष्यात फुकट आलेल्या प्रत्येक गोष्टीची वसुली झाली होती. मुकादमानं आगाऊ दिलेले पैसे, घरमालकानं सोडून दिलेलं एक महिन्याचं भाडं. आणि इथे तर तिच्या वयात येणाऱ्या मुलीचे पैसे कुणीतरी नाव लपवून भरले होते. त्या चार रात्री ती झोपली नव्हती.

मी तिला आत बसवलं, चहा दिला. आमच्यातल्या चौघींना फोन करून बोलावून घेतलं. त्या आल्या, तिच्यासमोर बसल्या. आम्ही कोण, काय करत होतो, पैसे कुठून येतात, सगळं सांगितलं. तिनं एकेकीचा चेहरा निरखून बघितला. चहा गार झाला होता, तो पिऊन टाकला आणि म्हणाली, दिवाळीनंतर दोनशे देईन, त्यापुढच्या महिन्यात दोनशे. आम्ही 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती देते आहे.

माझ्या गावात मला नाव न कळण्यानं जे मिळालं, ते तिला नाव कळल्यावर मिळालं. गाव माझं होतं. कोणीही असलं तरी माझ्याच ओळखीचं असणार, एवढी खात्री मला जन्मानं मिळालेली होती. तिला इथे कोणीच ओळखीचं नाही. तिच्यासाठी झाकलेली मूठ म्हणजे आत काय आहे ते न दिसणारी मूठ. हे मला साठीच्या जवळ येऊन समजलं, आणि समजावलं ते त्या बाईनं.

तांदळाचं कोडं सुटलं ते असंच. एका शनिवारी पातेलं घेऊन आम्ही फाटकाबाहेर पोचलो तर एक मालवणी बाई आमची वाट बघत उभी. पन्नाशीची असेल, तिचा मुलगा अपघातानंतर वॉर्डात होता. गेल्या शनिवारचा भात तिनं खाल्ला होता. ती म्हणाली, "बाय, रागावशात नाय तर एक सांगू? भात करू नकात. पेज करा." मग तिनं उरलेल्या तांदळाची पिशवी मागितली. मी गाडीतून आणून दिली. तिनं मूठभर तांदूळ तळहातावर पसरले आणि बोटानं दाणे बाजूला करत बोलू लागली. ह्यो उकडो. ह्यो दुकानातलो. लालसर दाण्यापाशी ती थांबली. "ह्यो वालय दिसता. आमच्याकडलो." कोणाच्या तरी घरून, कुठल्या तरी माहेरच्या पोत्यातून, तो पिंपात आला असणार. तिनं तो दाणा दाताखाली धरून बघितला.

पुढच्या शनिवारी ती आमच्याआधी तिथे हजर होती. पातेल्याचं झाकण उघडून तिनं वास घेतला, डाव घालून ढवळलं, थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि मीठ मागितलं. मग पदर खोचून डाव हातात घेतला तो शेवटच्या माणसापर्यंत सोडला नाही. कोणाला पातळ हवी, कोणाला वरचं निवळ, कोणाला खालचा जाड भाग, हे ती विचारून वाढत होती. आम्ही आजवर कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी ओळीतली माणसं तिच्याशी बोलत होती, "मुलाचं कसं आहे" म्हणून विचारत होती. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

असे पाच शनिवार ती होती. सहाव्या शनिवारी मुलाला घरी सोडलं होतं. निरोप वगैरे काही नाही. वॉर्डातल्या कोणीतरी सांगितलं, सकाळच्या गाडीनं गेली, आणि जाताना सांगून गेली आहे: उकडे असतात म्हणून सगळे तांदूळ आदल्या रात्रीच भिजत घालूक व्हये, आणि मीठ अगदी शेवटी.

आज शुक्रवार. तिसऱ्या इमारतीतले डबे अजून आलेले नाहीत. ते आले की पिंपात घालून, दोन पाण्यांनी धुऊन, झाकण ठेवून मगच झोपेन.